टाकीला लावलेला साबण

भाऊसोमामा आमच्या घरातले नव्हते, हे मला लग्नानंतर चार महिन्यांनी कळलं. तोवर मी त्यांना सासऱ्यांचा धाकटा भाऊ समजत होते. समजणारच. घरात मला रागवायचा हक्क बजावणारा तो एकच माणूस होता. माझ्याशी ते पहिलं वाक्य बोलले तेही वरातीत. मी नवरीच्या थाटात फियाटमध्ये बसले आणि दार ओढून घेतलं, तर पुढून आवाज आला, "धाकल्या वैनी, दार आपटू नगासा. गाडी हाय, कपाट न्हवं." मी कराडची, तोंडाची तिखट. काहीतरी पुटपुटले. शेजारी सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

ते घरातले नाहीत हे कळलं एका कपामुळं. स्वयंपाकघराच्या खिडकीत निळ्या काठाचा एक कप कायम पालथा असायचा. बाकीचे कप मांडणीत आणि हा एकटाच बाहेर. भांडी घासायला येणाऱ्या चिमणाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यो भाऊसोचा." मग सगळं समजलं. भाऊसोमामा उचगावचे, बौद्ध. आमचं घर शाहूपुरीतलं, मराठ्यांचं, गुळाच्या अडतीचं. एकतीस वर्षं या माणसानं आमची गाडी चालवलेली. राजवीर, म्हणजे माझा नवरा, त्यांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायला शिकला. आणि कप खिडकीत! सत्त्याण्णव साल चाललं होतं. माझं डोकं फिरलं. मी तो कप उचलला, घासला आणि मांडणीत बाकीच्यांच्या मधोमध ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः भाऊसोमामांना मांडणीतला जो पहिला हाताला लागला त्या कपात चहा दिला. मामांनी कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "साखर कमी हाय."

त्यांचं असं होतं. आभार मानणं, कौतुक करणं, असल्या भानगडीत ते पडत नसत.

फियाट बासष्ट सालची. ढगाळ रंगाची, गोल पाठीची, गिअर स्टिअरिंगलाच. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, ती घेतली तेव्हा अडतीवर बघायला गर्दी लोटली होती म्हणे. भाऊसोमामा सहासष्टला आले ते गाडी पुसायला. तीन वर्षांत चालवायला शिकले, आणि चालवण्याच्या आधी उघडायला शिकले. त्यांचं म्हणणं असं की ज्याला गाडी उघडता येत नाही त्यानं ती चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर बसणं. रोज सकाळी ते यायचे, बॉनेट उघडायचे, तेलाची कांडी पुसून बघायचे, पाण्याची पातळी बघायचे, आणि मग इंजिन चालू करून कान लावून उभे राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोललं की नुसता हात वर करायचे. थांबा, ती बोलतीय.

डॅशबोर्डच्या एका टोकाला आण्णांनी लावलेला जोतिबा आणि दुसऱ्या टोकाला मामांनी लावलेला बाबासाहेबांचा फोटो. "लावू का?" असं मामांनी विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले होते, "लाव की, जागा हाय." दोघं तीस वर्षं शेजारी प्रवास करत होते आणि काचेतून समोरचा रस्ता बघत होते.

अठ्ठ्याण्णवला आण्णा गेले. घरात मारुती केव्हाच आली होती. राजवीरला फियाट विकायची होती. त्याचंही चुकत नव्हतं. पार्ट मिळत नाहीत, जागा अडते, आणि आता त्या गाडीतून जाणारं कोण, तर एकट्या सासूबाई. पण सासूबाईंनी मान हलवली नाही. मग मायलेकात एक ठराव झाला. गाडी राहील, भाऊसो राहील, पण ज्या दिवशी ती रस्त्यात बंद पडेल त्या दिवशी विकायची, आणि मामांनीही घरी बसायचं. मामांनी हे ऐकलं आणि नुसतं हसले. इतक्या वर्षांत गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती. त्यांना पोटासाठी नोकरी करायची गरजही उरली नव्हती. मुलगा प्रसेनजीत बँकेत होता, मुलगी दीक्षा सरकारी दवाखान्यात नर्स. दोघं सारखी मागे लागायची, बाबा, आता पुरे. मामा म्हणायचे, पुरे म्हणजे काय, ते मला अजून समजलेलं नाही. बायको तानूबाई मला एकदा म्हणाली, "त्येंच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं तर हात कुटं ठेवायचं तेच त्येस्नी कळणार न्हाई." ते मला तेव्हा गमतीचं वाटलं.

दोन हजार एक साल उजाडलं आणि राजवीर एका रात्री जेवताना म्हणाला, "मामांना नीट दिसत नाही, असं मला वाटतंय." फाटकाच्या खांबाला गाडीचा मडगार्ड घासला होता. शिवाय मामा सायकल सोडून प्रसेनजीतच्या स्कूटरवर मागे बसून येत होते. विचारलं तर म्हणायचे, सायकल पंक्चर हाय. सहा महिने कुणाची सायकल पंक्चर असते?

मार्चमध्ये सासूबाईंच्या माहेरची, नेसरीची यात्रा होती. दरवर्षी त्या फियाटमधूनच जायच्या. राजवीर मला म्हणाला, "या वेळी तू जा बरोबर. पुढं बस. नीट बघ आणि मला येऊन सांग. तू सांगशील तसं करू." म्हणजे मला हेर करून पाठवलं. मला ते काम आवडलं नाही, पण नाही म्हणायचं धाडसही झालं नाही. सासूबाईंचा जीव त्या गाडीत होता, हेही खरं होतं.

यात्रा मंगळवारी. रविवारी संध्याकाळी पोर्चमध्ये पेट्रोलचा वास आला. मामा पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, टाकीच्या जोडाला बारीक पाझर लागलाय. दुसऱ्या दिवशी सोमवार, उद्यमनगर बंद, टाकीला टाका मारून देणारा कुणी भेटणार नाही. मग त्यांनी जुन्या ड्रायव्हरांचा उपाय केला. टाकीतलं होतं नव्हतं ते पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं, जागा कोरडी केली, आणि कपड्याचा साबण हातावर मळून मळून भोकावर दाबून बसवला. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, दगडासारखा बसतो. त्याच्यावर माणसं मुंबईला जाऊन येतात. मंगळवारी सकाळी टाकीत पंधरा लिटर घातलं. जाऊन येऊन पुरेल इतकं. टाकीचा काटा आण्णांच्या वेळेपासून अर्ध्यावर झोपलेला होता, तेव्हा मामांचा हिशोबच खरा.

निघालो. मी पुढं, सासूबाई मागं, पायाशी आहेराची पिशवी. मी डोळे फाडून मामांकडं बघत होते. चालवत होते ते अगदी झकास. गिअर टाकल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. कागल गेलं, निपाणी गेली, तवंदीचा घाट गाडी गुणगुणत चढली. मला वैताग आणला तो सासूबाईंनी. त्या मागून अखंड बोलत होत्या. "आगं बया, केवढी म्हस! आडवीच याय लागली." "उसाचा टॅक्टर हाय बग फुडं, दोन ट्राल्या लावल्यात मुडद्यानं." "पूल आला की गं, लई अरुंद हाय ह्यो." "पोरं चालल्यात साळंची, उजव्या अंगानं." एरवी घरात दिवसभरात चार वाक्यं न बोलणारी बाई! शेवटी मी म्हणाले, "आई, मलाही दिसतंय." त्या म्हणाल्या, "तुला सांगत न्हाई मी. मी माझं बोलतो." कोल्हापूरच्या बायका 'मी बोलतो, मी जातो' म्हणतात. याची मला चार वर्षांनीही सवय झाली नव्हती.

गडहिंग्लज मागं पडलं. मी मनातल्या मनात राजवीरला सांगायचं वाक्य तयार करत होते, की मामा ठणठणीत आहेत, तुझाच भ्रम आहे. आणखी दहाएक किलोमीटर गेलो असू. गाडीनं एक आचका दिला, मग दुसरा, आणि मग ती नुसती घरंगळत गेली आणि एका बाभळीखाली उभी राहिली. इतकं शांत झालं की शेतातल्या मोटारीचा आवाज ऐकू आला.

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. त्यांचं तोंड मी तसं कधीच बघितलं नव्हतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि कुणासमोर, तर माझ्यासमोर. मी कशाला आलेय हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, याची मला त्या क्षणी खात्री पटली.

"पेट्रोल संपलं," ते म्हणाले.

"कसं संपेल? पंधरा लिटर घातलंय."

ते उतरले, डिकीतून पोतं काढलं आणि गाडीखाली गेले. बराच वेळ आले नाहीत. "साबण हाय की जाग्यावर," खालून आवाज आला. "वाळल्याला हाय. ह्यो कुटं गळाय लागलाय?" मग मीही पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं खाली शिरले.

मला दिसलं. साबणाचा गोळा टाकीला घट्ट चिकटला होता, त्याच्यावर मामांचा अंगठा जसाच्या तसा उमटला होता. इतकं निगुतीनं केलेलं काम. फक्त ते भोकावर नव्हतं. भोक चार बोटं अलीकडं होतं आणि शेवटचे थेंब त्याच्यातून एकेक पडत होते. मामा साबणाभोवती बोट फिरवत होते आणि डोळे ताणून बघत होते. त्यांचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. बाहेरून येणारा उजेड त्यांच्या डोळ्यांवर पडला होता. उजव्या डोळ्याच्या बाहुलीत ताकासारखं पांढरं साकळलेलं होतं.

पहिल्यांदा मला राग आला. भयंकर राग आला. म्हणजे घाट या डोळ्यांनी चढलो आम्ही? तो अंगठ्याचा ठसा माझ्यानं बघवेना.

"मामा, भोक जरा अलीकडं आहे," मी म्हणाले.

"अलीकडं म्हंजी?"

सांगून काय उपयोग होता? मी त्यांचं बोट धरलं आणि भोकावर नेऊन ठेवलं. ते ओलं झालं. आम्ही दोघं तिथं, गाडीच्या पोटाखाली, धुळीत, थोडा वेळ तसेच पडून राहिलो.

बाहेर येऊन मी साबण शोधू लागले. सासूबाईंनी पिशवीतून स्वतःचा अंघोळीचा, चंदनाच्या वासाचा साबण काढून दिला. "ह्यानं भागंल काय रं?" मामा म्हणाले, भागंल. त्यांनी तो मळला, मी भोकावर बोट धरून ठेवलं, आणि त्यांनी माझ्या बोटाच्या जागी साबण दाबला. या वेळी चुकायचा प्रश्नच नव्हता.

आता पेट्रोल. अर्ध्या तासानं एक एम-एटी दुचाकी आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, वर पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल. स्वतःहून थांबला. "काय झालं पावणं?" मामांनी सांगितलं. त्याचं नाव आकाराम, पुढच्याच वाडीतला, डेअरीला दूध घालून परत चालला होता. त्यानं काही न विचारता आपल्या टाकीत नळी घातली, तोंडानं ओढली, पचकन थुंकला आणि आमची पाण्याची बाटली भरून दिली. "आईल मिसळल्यालं हाय हां," तो म्हणाला. "धूर करंल जरा." मामा म्हणाले, "करू दे. म्हातारीनं कवा बिडी वडली न्हाई, आज वडंल." आकाराम हसला, पण मामांचं तोंड हसलं नाही.

पेट्रोल संपलेली जुनी गाडी नुसतं पेट्रोल घालून चालू होत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी सगळी कोरडी झालेली असते. इंजिनाच्या अंगाला पेट्रोल ओढणारा एक पंप असतो, त्याला मेकॅनिक लोक एसी पंप म्हणतात. त्याच्याखाली बोटभर दांडी असते, ती हातानं वरखाली करून पेट्रोल वर आणावं लागतं. मामांनी इंजिनात हात घातला. त्या हाताला डोळ्यांची गरजच नव्हती. दांडी सापडली, बोटं वरखाली होऊ लागली, आणि मामा आकाशाकडं तोंड करून मोजत होते. शंभरेक झाल्यावर म्हणाले, "आलं." मला काही दिसलं नव्हतं, त्यांना दांडीच्या जडपणावरून कळलं होतं. मग कार्बोरेटरच्या तोंडात त्यांनी टोपणभर पेट्रोल ओतलं. मला स्टार्टर मारायला सांगितला. गाडी खोकली, दोन श्वास घेतले आणि मेली. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

"टाकीच्या बुडाचा गाळ आला असंल," मामा म्हणाले. "जेट धरलाय."

जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, हरभऱ्याएवढा, आणि त्याला मधून केसाएवढं भोक. इंजिनाला जायचं सगळं पेट्रोल त्या भोकातून जातं. मामांनी तो चाचपडत काढला, फुंकला, धोतराच्या सोग्याला पुसला. मग सूर्याकडं धरला. एक डोळा मिटला. दुसरा मिटला. जेट फिरवला. जवळ घेतला, लांब नेला. आकाराम टॉवेलनं तोंड पुसत बघत होता, मी बघत होते, मागच्या खिडकीतून सासूबाई बघत होत्या. मामांनी 'साफ हाय' म्हणायला हरकत नव्हती. गाडी चालू झाली नसती तर दुसरी काही खोड सांगता आली असती. जुन्या गाडीत खोडींना काय तोटा!

त्यांनी हात खाली घेतला. जेट माझ्या तळहातावर ठेवला.

"धाकल्या वैनी, बगा जरा. उजेड दिसतोय काय ह्यातनं."

मी बघितलं. उजेड नव्हता. भोक बुजलेलं होतं. रस्त्याच्या कडेला कुसळी गवत वाळलेलं होतं, त्याचं एक कुसळ मामांनी मला तोडून आणायला सांगितलं. तार घालायची नाही, तारेनं भोक मोठं होतं. कुसळ घातलं, फिरवलं, फुंकलं, पुन्हा बघितलं. त्या बारीक भोकातून उन्हाचा एक ठिपका डोळ्यात आला.

"दिसला," मी म्हणाले.

"मला न्हाई दिसत," मामा म्हणाले. "दोन वर्सं झाली. उजवा तर पारच गेलाय. डाव्यानं वाहन दिसतंय, मानूस दिसतंय, पन बारीक काय बी दिसत न्हाई. धाकल्या मालकास्नी सांगा जाऊन. तुमी त्याच्यासाटीच आलायसा."

मी काही बोलायच्या आत मागून सासूबाई म्हणाल्या, "मला ठावं हाय."

मामा वळले. "काय ठावं हाय वैनीसाब?"

"तुला दिसत न्हाई त्ये. दोन वर्सं बोंबलायलोय मी मागनं, म्हस आली, पूल आला. तुला काय वाटलं, मला याड लागलंय?"

मग मात्र माझा तोल सुटला. रस्त्यावर, परक्या माणसासमोर मी दोघांनाही फैलावर घेतलं. एकाला दिसत नाही, दुसरी मागून ओरडून गाडी हाकतेय, आणि आम्ही घरात म्हणतोय काय सुरेख चाललंय! रस्त्यात कुणाचं पोर आडवं आलं असतं तर? साधं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आजकाल दुपारी माणूस घरी येतो, ते का केलं नाही? दोघं खाली मान घालून ऐकत होते. आकारामनं तेवढ्यात एम-एटीचा आरसा पुसायला घेतला.

"माझ्या आईचा डोळा गेल्ता," मामा हळू आवाजात म्हणाले. "शिबिरात. मी लहान हुतो. हाताला धरून नेली आन् हाताला धरूनच परत आनली. मला वाटलं, हाय त्येवढं बी गेलं तर मग गाडी कायमची सुटली. आसं निदान चाललंय तवर चाललंय."

"आणि आई, तुम्ही?" मी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "ह्येचं डोळं कळलं असतं तर राजूनं गाडी इकली असती. ह्यो उचगावात बसला असता आन् मी शाहूपुरीत. त्येनी गेल्यापास्नं त्येंच्या गोष्टी काढायला मला ह्यो एकच मानूस हाय. घरात तुमी समदी चांगली हाय, पर तुमास्नी त्यो मानूस तरनेपनी म्हाईत न्हाई." आण्णांचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही, तेव्हाही नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

जेट बसवला. दांडी पुन्हा शंभरदा वरखाली झाली. या वेळी मी केली, मामांनी माझं बोट धरून दाखवली. स्टार्टर मारला. गाडी खोकली, थरथरली, आणि निळ्या धुराचा हा लोट सोडून चालू झाली. आकारामनं शिट्टी मारली. मामांनी सवयीनं कान लावला, हात वर केला, आम्ही सगळे गप्प. "चाललीय," ते म्हणाले.

पण ते आपल्या जागेवर बसले नाहीत. उजवीकडचं दार उघडून धरून उभे राहिले. "बसा," मला म्हणाले. माझ्याकडं लायसन होतं, पण ते मारुतीचं. मी म्हणाले, मला हिचे गिअर येत नाहीत. "मी सांगतो की," ते म्हणाले आणि फिरून डावीकडं जाऊन बसले. तिथं ते कधीच बसले नव्हते. बसल्यावर त्यांना हात कुठं ठेवावेत ते समजेना. एकदा मांडीवर ठेवले, एकदा डॅशबोर्डवर. मला तानूबाईंची आठवण झाली आणि मी समोर बघून क्लच सोडला.

नेसरीत पोचायला दुपार झाली. सासूबाईंचे भाऊ हंबीरराव दारात वाट बघत उभे होते. गाडी थांबली, आणि मला स्टिअरिंगवर बघून त्यांनी मोठ्यांदा विचारलं, "आक्का, डायवर बदललासा काय?" अंगणात पंचवीस पावणे बसलेले. मामा उतरता उतरता थबकले.

सासूबाई आधी खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "न्हाई. डायवर त्योच हाय. औंदा डोळं तेवढं सुनंचं घिऊन आलाय."

रात्री घरी परतल्यावर राजवीरनं पहिला प्रश्न तोच विचारला. मी सगळं खरं सांगितलं. गाडी बंद पडली हे सांगितलं, मामांना दिसत नाही हेही सांगितलं. मग म्हणाले, आता ऐक. गाडी विकायची नाही, मामांना घरी बसवायचं नाही, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं, आणि तोवर गाडी मी चालवणार. तो म्हणाला, पण ठराव झालाय. मी म्हणाले, तू सांगशील तसं करू, असं कोण म्हणालं होतं? तो जरा वेळ पंख्याकडं बघत बसला. तोही त्याच मांडीवर हॉर्न वाजवायला शिकला होता.

मामांना तयार करायला दोन महिने लागले. शेवटी दीक्षानं त्यांना सांगितलं की ऑपरेशनच्या वेळी मी स्वतः आत उभी राहणार, आणि तिनं ते खरं केलं. जूनमध्ये उजवा डोळा झाला, ऑगस्टमध्ये डावा. दोन्ही वेळा सासूबाई बाहेरच्या बाकावर तानूबाईंच्या शेजारी बसून होत्या. त्या दोघी बत्तीस-चौतीस वर्षं एकमेकींना ओळखत होत्या, पण शेजारी बसायची ती पहिलीच वेळ असावी. काय बोलत होत्या कोण जाणे, मला बघितलं की गप्प व्हायच्या.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. त्या दिवशी मामा न्हाऊन, कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. सायकलवरून आले. मी डावीकडं बसले, सासूबाई मागं. देवीला जायचं होतं. मामांनी गाडी चालू केली, कान लावला, फाटकातून बाहेर काढली, खांबाला हातभर जागा ठेवून. सासूबाई मागं अगदी गप्प होत्या. बोलायचं कारणच नव्हतं.

व्हीनस कॉर्नरला सिग्नल लागला. मामांनी आतला आरसा सारखा केला आणि त्यात बघत राहिले. मला वाटलं, मागून कुठली गाडी येतेय ते बघतायत. पण ते मागची गाडी बघत नव्हते.

"वैनीसाब," ते म्हणाले, "तुमी येवढ्या म्हाताऱ्या कवा झालासा?"

सासूबाईंचे केस आण्णा गेल्यानंतरच्या वर्षात पांढरेधोप झाले होते. गाल बसले होते. आम्ही रोज बघत होतो म्हणून आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. मामांच्या आरशात मात्र अजून ती जुनीच बाई बसलेली होती.

"त्येनी गेल्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"मला दिसलंच न्हाई की."

"बरं झालं न्हाई दिसलं. एकाला तरी मी तशीच दिसत हुतो." मग नेहमीच्या आवाजात, "चल आता, हिरवा पडलाय."

मागची रिक्षा हॉर्न वाजवत होती. मामांनी गिअर टाकला, पण गाडी हलेना, कारण त्यांना समोरचं पुन्हा अंधुक झालं होतं. ऑपरेशननंतर डोळ्यांना हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, म्हणून मी माझा धुतलेला रुमाल काढला आणि त्यांचे गाल पुसले.